गाडीतून जळका वास येतोय? आधी थांबा, कसला वास ते ओळखा

वाई : मागच्या उन्हाळ्यात पसरणी घाट चढताना आमच्या जुन्या गाडीत करपट वास सुटला. गाडीत बायको, दोन पोरं आणि मागे भाजीचे दोन क्रेट. मी म्हणालो, घाट आहे, क्लच तापला असेल. धाकटी म्हणाली, "पप्पा, प्लास्टिक जळतंय." मी ऐकलं नाही. दोन वळणं पुढे गेलो आणि स्टेअरिंगखालून धूर यायला लागला.

गाडी कडेला घेतली, सगळ्यांना उतरवलं, बॅटरीच्या वजा टर्मिनलची वायर काढली तेव्हा धूर थांबला. दोष माझाच होता. रात्री रानात पाणी द्यायला जायचं म्हणून जादा लाईट बसवून घेतले होते. त्यांचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मी त्याला तांब्याची तार गुंडाळली होती. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. तार घातली की फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं. निळा फ्यूज 15 अँपिअरचा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. ज्या रंगाचा काढला त्याच रंगाचा घालायचा. नवाही लगेच उडाला तर वायरिंगवाल्याकडे जायचं.

प्लास्टिक किंवा वायर जळाल्याचा वास सगळ्यात धोक्याचा, त्यात घर जवळ आलंय म्हणून पुढे जायचं नाही. आधी काचा खाली घ्या, कारण वायरिंग गेलं तर पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक दोन्ही बंद पडू शकतात. बॉनेटमधून धूर निघत असेल तर बॉनेट उघडू नका, हवा लागली की आग भडकते. माणसं लांब न्या आणि 112 ला फोन करा. सीएनजी गाडी असेल तर अजूनच लांब थांबा.

आपल्याकडे वायर जळायला उंदीरही कारणीभूत असतात. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी आठवडाभर उभी राहिली की ते इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरचं वरचं आवरण कुरतडतात. उघड्या तारा एकमेकींना लागल्या की शॉर्ट. लेंड्या किंवा कापसाचे, गवताचे तुकडे दिसले तर चावी फिरवण्याआधी वायरी बघून घ्या.

आता घाटातले वास. चढताना जळलेल्या कागदासारखा वास आला तर तो बहुतेक क्लच प्लेटचा. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की असं होतं. थांबून थंड होऊ द्या. वास गेला तर ठीक, पण इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही असं झालं तर प्लेट संपत आली समजा. उतरताना नाकाला झोंबणारा वास आला तर तो ब्रेकचा. ब्रेक फार तापले की ब्रेक ऑइल उकळू शकतं, पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, न्यूट्रल करून तर अजिबात नको. तापलेल्या चाकावर गार पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते किंवा तडकते. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास चहा प्या.

सपाट रस्त्यावरही ब्रेकचा वास येत असेल तर आधी हँडब्रेक बघा. तो राहिला नसेल तर चारही चाकांजवळ हात न्या, पण रिमला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक जाम झालाय.

गाडी थांबल्यावर तेलकट जळका वास येत असेल तर इंजिन ऑइल सायलेन्सरवर ठिबकतंय. सर्व्हिसिंगच्या वेळी सांडलेलं ऑइल असेल तर वास थोड्या अंतरात जातो. दोन-तीन दिवस राहिला तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बघायला सांगा. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. रबराचा वास आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट घसरतोय.

आणि पाचट. उसाच्या रानात गाडी घातली की पाचट, वाळलेलं गवत खाली सायलेन्सरला अडकतं आणि पेट घेऊ शकतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांमधला फिल्टर काजळी जाळून स्वतःला साफ करतो, त्या वेळी तो खूपच तापतो. बांधावरच्या वाळक्या गवतावर अशी गाडी उभी करू नका. रानातून बाहेर पडलात की इंजिन बंद करून, गाडी थोडी निवली की एकदा वाकून खाली बघा.

आमची गाडी दुसऱ्या दिवशी टोचन करून खाली आणली. क्रेट एका ओळखीच्या जीपवाल्याने पाचगणीला पोचवले. जादा लाईट आता वेगळ्या रिलेवर आणि स्वतःच्या फ्यूजवर आहेत. डॅशबोर्डमध्ये प्रत्येक रंगाचा एक फ्यूज आणि 10 नंबरचा पाना ठेवलाय, त्याच पान्याने बॅटरीची वायर निघते.