गळ टाकावा शरदात

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे भंडारदऱ्याला गेलो. रतनवाडीजवळ बाबांच्या एका मित्राच्या शेतावरील खोपीत तीन दिवस मुक्काम होता. सकाळी जलाशयाकाठी गळ टाकून बसायचे, दुपारी अमृतेश्वराचे देऊळ नाहीतर रतनगडाची वाट धरायची, असा क्रम.

पहिल्या दिवशी धुक्यात दोन तास बसूनही काही लागले नाही. मी वैतागून विचारले, "काका, पहिल्या पावसात ओढ्यात मासे हातानं धरतात म्हणे! मग तेव्हाच का येऊ नये?"

काका हसले नाहीत. "तवा ती अंडी टाकाया चढत्यात. पोरपणी म्या बी टोपल्या भरल्या. आता वढा रिकामाच ऱ्हातो."

यालाच वलगण म्हणतात. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने प्रवरा अडवली. जलाशयातल्या माशांना वर चढायला उरले ते हे ओढेच. तिथे धरलेली एक मादी म्हणजे हजारो अंडी गेली.

शरदात वीण उरकलेली असते. पण माशाचे शरीर पाण्याबरोबर गार होते, म्हणून पहाटे त्याची भूक मंद असते. ऊन चढले की तो चरू लागतो. निवळलेल्या पाण्यात त्याला आपली हालचाल दिसते, म्हणून काठावर उभे न राहता बसावे.

तिसऱ्या दिवशी उन्हात दोन मासे लागले. त्यातला लहान माझा, आयुष्यातला पहिलाच. काकांनी नुसते माझ्याकडे पाहिले. मी तो पाण्यात सोडला.