मोरगावचा नंदी आणि माळावरची चाकोरी

मोरगावात मयूरेश्वराच्या देवळासमोर पहिल्यांदा नजरेत भरतो तो नंदी. दगडी, थोराड, गणपतीकडे तोंड करून बसलेला. महादेवाचा हा गडी इथे कसा? सांगतात ते असं : भुलेश्वराच्या देवळासाठी त्याला रथातून नेत होते. इथे येताच चाक मोडलं आणि नंदी जागचा हलेना. मग तो इथलाच झाला. कऱ्हाकाठचं हे अष्टविनायकांतलं पहिलं ठाणं. काळ्या दगडाचं देऊळ, चारी कोपऱ्यांना मिनार. पण बैलांचा नाद असलेल्या माणसाचे पाय आधी नंदीपाशीच रेंगाळतात.

हा नाद या मुलखात मुरलेला आहे. गाव मागे पडलं की कमी पावसाचा, खुरट्या गवताचा माळ सुरू होतो. सुप्याच्या बाजूला तर तो चिंकाऱ्यांचं अभयारण्यच झालाय. अशाच रानांवर, बारामतीपासून फलटण-माणपर्यंत, बैलगाड्यांच्या शर्यती रंगतात. दगड वेचायचे, जमीन सारखी करायची, नांगराच्या तासासारख्या सरळ चाकोऱ्या आखायच्या. झालं मैदान तयार. हलका छकडा, दोन खिल्लार बैल, वर एक गाडीवान आणि शेजारच्या चाकोऱ्यांत तशाच जोड्या. तिकडे खेड-जुन्नरला शर्यतीची धाव, म्हणजे घाट, चढणीचा. चार बैल, पुढे घोडी आणि सगळा हिशेब घड्याळाशी. इकडे सपाटीवर गाडीशी गाडी भिडते.

सुटण्याआधीचा क्षण बघावा. कुणीतरी बैलाचा ओठ वर करून दात बघतो. दुधाचे दात पडले नसतील तर तो ‘आदत’. त्यांच्या शर्यती वेगळ्या. मालक पाठीवर थाप मारतो, अंगावरची धूळ पुसतो. झेंडा पडतो आणि पुसलेली सगळी धूळ एका दमात परत उडते.

मध्यंतरी ही धूळ बसली होती. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगाळणं अशा छळाच्या तक्रारी न्यायालयात गेल्या आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी गाड्या थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव हजार मीटरच्या आत आणि छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैल पळतो तो जिवाच्या भीतीनं की अंगातल्या जोमानं, हा वाद मात्र पारावर अजून चालतो.

मोरगाव पुण्याहून सासवड-जेजुरीमार्गे सुमारे ६५ किलोमीटर. दर्शन उरकून पुढे निघालात आणि वाटेत एखाद्या माळावरून स्पीकरवरचा निवेदक ऐकू आला तर जरूर थांबा. फक्त चाकोरीत उभे राहू नका. आपल्यासमोर येऊन हट्टानं थांबणारा बैल एकच, आणि तो देवळासमोर बसलाय.