आऊटबोर्ड बदलताना

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या दिवसांत मालवण, सर्जेकोट, देवबाग भागातल्या लहान बोटी माडांखाली ओढून शाकारलेल्या असतात. त्यांच्या मागच्या फळीवर बसणारी मशीनं एकतर घरच्या पडवीत असतात, नाहीतर मिस्त्रीकडे. संपादकांना बंदीच्या काळातल्या मच्छीमारांवर लेख हवा होता. मी फिरत फिरत अशाच एका मिस्त्रीच्या गाळ्यात शिरलो आणि तिथेच रमलो, कारण समोर एक खरा पेच चालला होता. एका मच्छीमाराचं पंधरा अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक मशीन जाम झालं होतं. पिस्टनवर उभे ओरखडे उमटले होते, बोरही गेलेला. दुरुस्तीत अर्थ उरला नव्हता. आता नवीन कोणतं घ्यायचं?

आऊटबोर्डची जन्मकथा थोडक्यात सांगतो. १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत ओले एव्हिनरूड या नॉर्वेजियन वंशाच्या कारागिराने दीड अश्वशक्तीचं मशीन विकायला काढलं आणि होडीला मागून अडकवायच्या इंजिनाचा धंदा उभा राहिला. यामाहाने पहिलं आऊटबोर्ड १९६० मध्ये आणलं. पुढे गरीब देशांच्या किनाऱ्यांवर जपानी मशीनंच पसरली. एव्हिनरूड नावाची मशीनं २०२० मध्ये बनायची बंद झाली. मालवणच्या गाळ्यात त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. तिथे हिशेब असतो तो सुट्या भागांचा.

"मिस्त्रीनू, ह्या वक्ताक पंधरा सोडून वीस घेवया काय?" मच्छीमाराने विचारलं.

"तुका शर्यत मारूची हा काय? जाळा भरून इल्यावर बोट केवढी बसता, ता सांग आधी."

या प्रश्नात निम्मं उत्तर आहे. पाण्यात वीस फूट लांबीने बसलेली भरलेली बोट साधारण सहा नॉटला, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरला पोचली की ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढे जायचं तर त्या लाटेवर चढावं लागतं, आणि ओलं जाळं, बर्फ, मासळी आणि तीन माणसं घेऊन ते जमत नाही. पाच अश्वशक्ती वाढवली तर पेट्रोल जास्त जळेल, लाट मोठी उठेल, वेग मात्र फारसा वाढणार नाही. रिकामी बोट सपाट तळामुळे पाण्यावर उचलली जाते आणि तिथे जास्तीची ताकद कामाला येते. म्हणून मच्छीमाराची इच्छा खुळी नव्हती. जाळ्यावर लवकर पोचलं तर परतही लवकर येता येतं, आणि लिलावात आधी आलेल्या बांगड्याला भाव बरा मिळतो.

मिस्त्रीचं म्हणणं, आधी पंखा बघ. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाणी कापत किती इंच पुढे सरकायला हवा ते माप. भरलेल्या बोटीला जास्त पिचचा पंखा लावला की मशीन फेरेच घेत नाही. पूर्ण थ्रॉटलला ते कंपनीने सांगितलेल्या टप्प्यात, बहुतेक फोर-स्ट्रोक मशीनांत पाच ते सहा हजार फेऱ्यांच्या दरम्यान, पोचायला हवं. पिच एक इंचाने कमी केलं तर फेरे दीड-दोनशेने वाढतात. कित्येक जण मशीनच कमकुवत समजून मोठं घेतात आणि चुकीचा पंखा तसाच पुढे नेतात, असं तो म्हणाला.

मग शाफ्टची लांबी. ती १५ इंच किंवा २० इंच. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर लाटेत पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि बोट जागच्या जागी राहते. नेमकं हेच कर्ली नदीच्या मुखाशी, लाटा फुटत असताना झालं तर बोट आडवी होते. शाफ्ट लांब पडला तर त्याच मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर पंखा घासतो. त्यामुळे मिस्त्रीने दुकानाचं नाव काढण्याआधी मच्छीमाराला फळीची उंची मोजायला घरी पाठवलं, आणि फळीवर हातोडी वाजवून यायलाही सांगितलं. फायबरच्या आतलं प्लायवूड पाणी पिऊन कुजलेलं असेल तर आवाज बद्द येतो. तशा फळीवर कोणतंही नवं मशीन लावणं धोक्याचं.

तो गेल्यावर मिस्त्रीने दुसऱ्या एका मशीनचा खालचा पाय उतरवला. मला बघायचा होता तो भाग तिथे होता, पाण्याचा पंप. तळहातात मावेल एवढं रबराचं चक्र, त्याला चहूबाजूंनी पाकळ्या. ज्या घरात ते बसतं त्याचा मध्य मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे फिरताना पाकळ्या एका बाजूला दुमडतात, दुसऱ्या बाजूला मोकळ्या होतात, आणि दुमडताना समुद्राचं पाणी इंजिनाभोवती वर ढकलतात. मशीनच्या बाजूने पिचकारीसारखी बारीक धार बाहेर पडते ती या पाण्याची. ती दिसेनाशी झाली की मशीन तिथल्या तिथे बंद करायचं, हे इथलं पोरगंही जाणतं.

त्या चक्राच्या दोन पाकळ्या कायमच्या वाकलेल्या होत्या, एकीचं टोक झिजून गेलं होतं. खाडीच्या मुखाची वाळू रबर खाते. मशीन पाण्याबाहेर कोरडं चालवलं तर काही क्षणांतच ते भाजतं, कारण पंपाला वंगण पाण्याचंच. "हेका पाणीच तेल," मिस्त्री म्हणाला. जुनं चक्र पाकळ्यांची दिशा पाहून काढलं, नवं साबणाच्या पाण्यात बुडवून शाफ्ट फिरवत फिरवत आत बसवलं, आणि चावीचा तुकडा खाचेत गेल्याची बोटाने खात्री करून घेतली. मग मला म्हणाला, "मशीन खयचाय घेवंदेत, पण हेचा रबर हयसर गावाक होया." मला त्या दिवशी ऐकलेल्यांत हा सल्ला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भर ऑक्टोबरात मशीन थांबलं आणि पंपाचा भाग यायला आठ दिवस लागले, तर स्वस्तात घेतलेल्या मशीनची सगळी बचत त्यातच जाते.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा प्रश्न आता जड होत चालला आहे. पंधरा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक ३६-३७ किलोचं, खोलायला सोपं, पण त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, सहसा लिटरमागे वीस मिली. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खातं, धूर कमी करतं, मात्र वजन पन्नाशीच्या घरात जातं. जेटी नसलेल्या गावात ते वाळूतून रोज वाहून न्यायला दुसरा माणूस लागतो.

त्यात पेट्रोलच बदललं. वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणलं गेलं आणि २०२५ पर्यंत तेच पेट्रोल देशभरच्या पंपांवर आलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळ्याचे दोन महिने किनाऱ्यावर पडून राहिलेल्या अर्ध्या टाकीत पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि टाकीतली नळी तिथूनच ओढते. टू-स्ट्रोकसाठी मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलात राहतं, त्यामुळे मशीनला वंगणाशिवायचा घोट मिळतो. त्या ओरखडलेल्या पिस्टनचं कारण हेच, असं मिस्त्री छातीठोकपणे म्हणाला नाही. पण बंदीआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायला आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवायला तो आता प्रत्येकाला बजावतो.

पैशाची बाजू त्याहून बिकट आहे. डिझेलवरच्या कराचा परतावा पेट्रोलवाल्या बोटीच्या काय कामाचा? किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळू लागलं, पण ते खेळत्या भांडवलासाठी, मशीन घ्यायला नव्हे. ज्याच्याकडे एकच लहान बोट आहे त्याला दोन वर्षांचा हप्ता अंगावर घ्यावा लागतो, तेही पुढच्या हंगामात मासा कुठे मिळेल याचा भरवसा नसताना.

वीस अश्वशक्तीच्या हट्टामागे मला हाच भरवसा सुटल्याचं दिसलं. फळीची उंची मोजून परतल्यावर मच्छीमाराने सांगितलं की पूर्वी जवळच बांगड्याचा थवा गाठायचा, आता दूर जावं लागतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर निर्बंध घातले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरीही रात्री दिव्यांची मासेमारी होते, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. मोठ्या बोटींनी थवा आधीच उचलला, तर लहान बोटीला पुढे पुढे जावंच लागणार. असं जाणाऱ्या प्रत्येकाला पाच अश्वशक्ती जास्त हवीशी वाटणारच. मला याची काळजी वाटते, कारण या शर्यतीत पेट्रोलचा खर्च मासळीच्या आधी वाढतो, आणि किनाऱ्यापासून दूर एकुलतं मशीन बंद पडलेल्या बोटीकडे उरतात ती फक्त वल्ही.

फळीची उंची भरली वीस इंच आणि थोडी वर. हातोडीचा आवाज एका कोपऱ्यात बद्द आला होता. मिस्त्रीने हिशेब मांडला : आधी फळी कापून नवीन, मग पंधराचं फोर-स्ट्रोक, लांब शाफ्टचं, सोबत कमी पिचचा जादा पंखा आणि पंपाची दोन रबरं. मच्छीमाराने जाम झालेल्या मशीनची काय किंमत येईल ते विचारलं. पाय आणि गिअर चांगले आहेत, ते ठेवून घेतो, असं म्हणून मिस्त्रीने आकडा सांगितला. त्यावर दोघांची घासाघीस सुरू झाली.