आखाजी, कोतवाल बुक आणि एक जूनचे आजोबा

उरलेल्या महाराष्ट्रात पितर भाद्रपदात येतात. खानदेशात ते भर वैशाखात, आखाजीला येतात. पितृपक्ष इथंही पाळतात, नाही असं नाही. पण जळगाव-धुळ्याच्या खेड्यात बापाची आणि आजाची खरी आठवण निघते ती अक्षय्य तृतीयेलाच. पारा चाळिशी ओलांडून कुठच्या कुठं गेलेला असतो, रब्बी घरात आलेली असते, खरिपाला अजून अवकाश असतो. शेतकऱ्याच्या हाताला अशी उसंत वर्षातून एकदाच मिळते. लेकी माहेरी आलेल्या असतात, लिंबाच्या फांद्यांना झोके टांगलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात. पारावर पत्त्यांचे डाव रंगतात आणि एरवी डोळे वटारणारी वडीलधारी मंडळी त्या दिवसापुरता कानाडोळा करतात. या सगळ्या गलक्यात घरोघरी गेलेल्या माणसांसाठी पाणी भरलं जातं.

कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्यानं काठोकाठ भरायची. तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर खरबूज. त्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. सोबत आंबा आणि सांजोऱ्या. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं तिथं ही पहिली घागर असते आणि त्या दिवशी त्या घरात आवाज जरा खालच्या पट्टीतच असतो. स्वयंपाकघरात खापरावर पुरणाचे मांडे होतात. बाई हातावर पोळी ताणत कोपरापर्यंत नेते आणि तापल्या खापरावर टाकते. वैशाखात चुलीपुढचं ते काम काय असतं हे करणारीलाच विचारावं. मांडे, आमरस, कटाची आमटी, कुरडई, भजी. पण जेवणाआधी आगारी. गोवरीचे निखारे पुढ्यात घ्यायचे, त्यावर तूप सोडायचं आणि एकेकाचं नाव घेऊन घास टाकायचा. धूर घरभर होतो, पुरण जळल्याचा गोड-करपट वास येतो. मग पितर म्हणून बोलावलेल्या भाऊबंदाला आधी जेवू घालतात.

मला या विधीत सगळ्यात खरा वाटतो तो नावं घेण्याचा क्षण. एका घरी पाहिलेलं सांगतो. घरातल्या कर्त्या मुलानं बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, पणजोबांचं जरा चाचरत घेतलं आणि तिथंच अडला. आईकडे पाहिलं. तिलाही आठवेना. मग त्यानं शेवटचा मोठा घास टाकला आणि म्हणाला, “बाकीना समदासले.” बाकीच्या सगळ्यांना. शास्त्रातही पिता, पितामह, प्रपितामह अशी तीनच पिढ्यांची नावं घ्यायची असतात. माणसाच्या आठवणीची ताकद शास्त्रकारांनी बरोबर ओळखली होती, असं म्हणायला हरकत नाही.

पण हरवतं ते नुसतं नाव नव्हे. ऐंशी-नव्वद वर्षं जगलेल्या आजोबांबद्दल नातवंडांना विचारून पाहा. स्वभाव सांगतील, खोकला सांगतील, धोतर नेसायची ढब सांगतील. जन्म कधीचा म्हटलं की गाडी अडते. आधार कार्डावर तारीख असते, एक जून. खानदेशातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो, अशी थट्टा आपण करतो. कारण साधं आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता येत नसे, गुरुजी पोराकडे बघून अंदाज बांधत, शाळा जूनमध्ये उघडे, वयाचा हिशोब त्या महिन्यात सोपा बसे. लिहिली एक जून. त्यावरच पुढं नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन बसलं.

आजोबांना स्वतःला मात्र आपलं वय माहीत असायचं, फक्त ते आकड्यात नसायचं. यावल-रावेरकडचा माणूस सांगायचा, “फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा मी पाळण्यात होतो.” म्हणजे डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आणि मंडप-नगराची सजावट नंदलाल बोस यांची. शिंदखेड्याकडचा माणूस चिमठाण्याचा खजिना लुटला गेला त्या साली आपण गुरं वळत होतो असं सांगेल. ती तारीख १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना क्रांतिकारकांनी वाटेत अडवला होता. बहात्तरचा दुष्काळ तर सगळ्यांचाच: रोजगार हमीआधीची दुष्काळी कामं, खडी फोडणं, मिलो आणि सुकडी. अशा चार-पाच खुंट्या सापडल्या की आयुष्य त्यांवर नीट टांगता येतं. आणखी एक गंमत. शहाद्याकडचा कुणी १९३६ साली जन्मला असेल तर तो पश्चिम खानदेश जिल्ह्यात जन्मला, तरुणपणी धुळे जिल्ह्यात आला आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्याचा झाला. मुंबई इलाखा, मुंबई राज्य, महाराष्ट्र हे वेगळंच. आणि गडी घर सोडून कुठं गेलाच नाही!

कागदांत शोधायला गेलं तर पहिला कागद कोतवाल बुकाचा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा येण्याआधी गावातले जन्म-मृत्यू गाव नमुना १४ मध्ये, म्हणजेच या बुकात, लिहिले जात. अलीकडे जातपडताळणीमुळे या बुकाला भलतीच किंमत आली आहे. तहसील कचेरीत नकलेसाठी रांगा लागतात, पण पणजोबांच्या नावापुढचा जातीचा रकाना बघितला की लोक वही मिटतात. खरं तर त्याच पानावर जन्माची तारीख असते. मुलाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं झालेलं नसे. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव. एका बापाला चार मुलगे झाले असतील तर आपला आजा यातला कोणता, हे भावंडांच्या वयाच्या क्रमानं ताडावं लागतं. आणि मधल्या वर्षांत त्याच बापाच्या नावावर मृत्यूच्या नोंदी दिसू लागतात. ज्यांच्याबद्दल आजोबा कधी बोलले नाहीत ती त्यांची भावंडं तिथं भेटतात.

दुसरा कागद सातबाऱ्याचा आणि फेरफाराचा. माणूस गेला की वारस लागतात, फेरफाराला नंबर पडतो. जमिनीची आठवण सरकार माणसापेक्षा चोख ठेवतं. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर त्यात लेकींची नावंही येऊ लागली, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रंही. आखाजीला लेकीला पुरणपोळी आणि साडी, नंतर दुय्यम निबंधकाकडे एक सही, हा व्यवहार आपण फार सहज पचवला आहे. बापाची आठवण काढताना तो विषय निघत नाही, निघायला हवा.

आणि ज्याला जमीनच नव्हती त्याचं काय? खानदेशात सालदाराचं साल आखाजी ते आखाजी. त्या दिवशी जुना सालदार सुटतो, नवा लागतो, बोलणी होतात. दुसऱ्याची शेतं चाळीस वर्षं कसलेल्या माणसाचं नाव एकाही उताऱ्यावर नसतं. त्याचं लांबलचक आयुष्य फक्त त्याच्या लेकरांच्या तोंडात असतं. म्हणून या घरांतल्या आठवणी आधी लिहून घ्यायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही घराण्यांचे भाट असतात, वंशावळीच्या वह्या घेऊन येणारे. अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेलेल्यांना तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या ठाऊक असतील. गाव आणि आडनाव सांगितलं की बाड निघतं आणि आपल्या आजानं त्याच्या बापाचे दिवस करायला आल्यावर केलेली सही किंवा उठवलेला अंगठा समोर येतो. तो अंगठा पाहून भले भले गहिवरतात.

घरातले जुने कागद म्हणजे इतिहास, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं त्या वि. का. राजवाड्यांचा शेवट धुळ्यातच झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. वाड्यावाड्यांतून दप्तरं गोळा करून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. त्यांच्या मागे १९२७ मध्ये धुळ्यात उभं राहिलेलं संशोधन मंडळ आजही आहे. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं जमवून समर्थ वाग्देवता मंदिर उभारलं. धुळेकराला कागद जपायला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही.

जळगावकराजवळ तर सोपानदेव चौधरींचं उदाहरण आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर यांनी वहीत टिपून ठेवल्या. आई ३ डिसेंबर १९५१ ला गेली, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्या वहीत आखाजीही आहे. वही नसती तर असोद्याची ही लेक आज दोन-चार घरांपुरती कुणाची तरी आजी राहिली असती. मोठ्या माणसांची स्मारकं होतात. फैजपूर अधिवेशनासाठी राबलेल्या धनाजी नाना चौधरींच्या नावानं तिथं महाविद्यालय आहे. वाकोदला १९३७ मध्ये जन्मलेले, घासलेटच्या धंद्यापासून सुरुवात करून ठिबक सिंचन शेताशेतात नेणारे भवरलाल जैन २०१६ मध्ये गेले, त्यांच्या नावानं जळगावात ‘भाऊंचे उद्यान’ आहे. त्यांनी स्वतः मात्र पत्नी कांताबाईंवर ‘ती आणि मी’ लिहिलं. घरच्या माणसावर लिहायला उद्योगपती असावं लागत नाही, हे त्यातून घेण्यासारखं.

तेव्हा पुढच्या आखाजीची वाट पाहू नका. या दिवाळीतच घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर फराळाच्या ताटाशेजारी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. “तुमच्या काळी कसं होतं?” असं विचारू नका; त्याला “लई वाईट दिवस होते” एवढंच उत्तर मिळतं. पहिली बैलजोडी कितीला घेतली, बहात्तरला कुठल्या कामावर गेलात, लग्नाची वरात कशानं गेली, विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, असं विचारा. फोटोंच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा. आणि कोतवाल बुकाची नक्कल हवी असेल तर गाव, अंदाजे साल आणि पणजोबांचं पूर्ण नाव घालून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. दिवाळीची सुट्टी संपली की लगेच करा. जुन्या वह्यांचे कोपरे दरवर्षी थोडे थोडे झडत आहेत.