द्वाररक्षक : गावच्या वेशीपासून परवान्यापर्यंत

एखाद्या वास्तूत येणाऱ्या-जाणाऱ्या व्यक्ती, वाहने व वस्तू यांवर लक्ष ठेवणारा आणि अनधिकृत प्रवेश रोखणारा कर्मचारी म्हणजे द्वाररक्षक. व्यवहारात त्याला वॉचमन, गेटमन, पहारेकरी किंवा नुसतेच ‘सिक्युरिटी’ म्हणतात. हॉटेले, उत्सवमंडप व मोठे समारंभ यांच्या दारावरील धिप्पाड रक्षकासाठी ‘बाउन्सर’ हा शब्द अलीकडे रूढ झाला आहे. कायदा मात्र असा भेद करीत नाही. शस्त्रासह वा शस्त्राविना दुसऱ्याच्या जीविताचे किंवा मालमत्तेचे खाजगीरीत्या रक्षण करणारा तो ‘खाजगी सुरक्षा रक्षक’, एवढी एकच संज्ञा तो मानतो आणि पर्यवेक्षकाचाही समावेश तिच्यातच करतो.

हे पद फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या अठरा तीर्थांमध्ये, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्यांमध्ये, ‘दौवारिक’ हा राजद्वाराचा अधिकारी येतो. त्याचे वेतन २४,००० पण (तत्कालीन नाणे), म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या समाहर्त्याइतकेच सांगितले आहे. राजवाड्याच्या दाराला राज्याच्या तिजोरीइतके महत्त्व होते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्रातील गावगाड्यात हे काम वेसकर व जागल्या यांच्याकडे असे. तटबंदीच्या गावाची वेस रात्री लावणे, पहाटे उघडणे आणि परक्या माणसाची चौकशी करणे ही वेसकराची जबाबदारी. अहिल्यानगर शहरातील माळीवाडा वेस व दिल्ली दरवाजा ही नावे त्या व्यवस्थेची आठवण आजही जागी ठेवतात. पण हे काम वतनाचे, म्हणजे जन्माने माथी येणारे होते. वेशीचे रक्षण करणाऱ्या महार वेसकराचे स्वतःचे घर गावकुसाबाहेरच असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडून या बंधनाविरुद्ध आवाज उठवला. पुढे मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम, १९५८ ने ही वतने संपुष्टात आणली. रक्षकाची निवड जन्मावरून नव्हे, तर पात्रतेवरून व्हावी, या तत्त्वाचा आजच्या व्यवस्थेला आधार आहे. म्हणूनच त्या पात्रतेचा तपशील नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात या व्यवसायाला दोन कायदे लागू होतात. पहिला महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१. याचा विषय रक्षकाची नोकरी व कल्याण हा आहे. शासन, मालक व रक्षक यांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा रक्षक मंडळे या कायद्याखाली स्थापन होतात. मंडळ रक्षकांची व आस्थापनांची नोंदणी करते, रक्षकांना काम नेमून देते आणि त्यांचे वेतन व इतर लाभ आपल्यामार्फत पोचते करते. दुसरा कायदा केंद्राचा : खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५. तो १४ मार्च २००६ पासून अमलात आला. परवाना, पात्रता व प्रशिक्षण हे त्याचे विषय होत.

परवाना नेमका कोणाला मिळतो, याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यान्वये दारावरच्या प्रत्येक रक्षकाला व्यक्तिशः परवाना घ्यावा लागतो व त्याची मुदत ३ वर्षे असते. भारतात परवाना रक्षक पुरवणाऱ्या अभिकरणाला, म्हणजे एजन्सीला, मिळतो. राज्याच्या गृह विभागातील नियंत्रक प्राधिकारी तो देतो. अधिनियमातील शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० रुपये आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये आहे. परवान्याची मुदत ५ वर्षांची. विनापरवाना एजन्सी चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कारखान्याने स्वतःच्याच हजेरीपटावर नेमलेल्या पहारेकऱ्यासाठी असा परवाना लागत नाही.

परवाना एजन्सीचा असला तरी पात्रता रक्षकालाच सिद्ध करावी लागते. त्याचे वय १८ वर्षे पूर्ण व ६५ च्या आत असावे, चारित्र्य व पूर्ववृत्त यांची पडताळणी झालेली असावी. न्यायालयाने दोषी ठरवलेली, तसेच गैरवर्तनावरून सैन्यदलातून वा पोलीस दलातून बडतर्फ झालेली व्यक्ती अपात्र ठरते. केंद्राच्या आदर्श नियमांत शारीरिक मानके दिली आहेत. पुरुषांसाठी उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० सेंटिमीटर व फुगवून त्याहून ४ सेंटिमीटर अधिक. स्त्रियांसाठी उंची १५० सेंटिमीटर. उमेदवाराला एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावता आले पाहिजे, रंगांधत्व नसावे आणि धोक्याची घंटा स्पष्ट ऐकू आली पाहिजे.

प्रशिक्षण हा या व्यवस्थेचा कणा आहे. त्याच नियमांनुसार किमान १०० तास वर्गात व ६० तास प्रत्यक्ष मैदानावर, असे एकूण १६० तासांचे शिक्षण किमान २० कामाच्या दिवसांत दिले जाते. गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी, स्फोटक वस्तूंची ओळख, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, अग्निशमन आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवण्याची रीत हे त्यातील प्रमुख विषय. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण दगावले. अशा वेळी दारावरच्या माणसाला अग्निशामक नळकांडे चालवता येणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. माजी सैनिक व माजी पोलीस यांच्यासाठी ४० तास वर्ग व १६ तास मैदान असा संक्षिप्त अभ्यासक्रम असून नेमणुकीतही त्यांना प्राधान्य देता येते. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिकी पायदळाचे केंद्र ज्या अहिल्यानगर शहरात आहे, तेथील निवृत्त जवानांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

गणवेशाचे नियमही बारकाईने केलेले आहेत. दंडावर एजन्सीचे चिन्ह, खांद्यावर किंवा छातीवर हुद्द्याचा बिल्ला, डोक्याला टोपी आणि पायांत नाडीचे बूट असावेत. दोरीला बांधलेली शिटी डाव्या खिशात असावी. छायाचित्र असलेले ओळखपत्र सर्वांत वरच्या कपड्यावर, कमरेच्या वर, सहज दिसेल असे लावावे. वही आणि लेखणी हीसुद्धा रक्षकाने जवळ बाळगायची साधने आहेत. गाडीचा क्रमांक, आलेल्याचे नाव, आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ ही चार अक्षरे पुढे एखाद्या तपासात निर्णायक पुरावा ठरू शकतात. सैन्यदलाच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा पोशाख करणे हा दंडनीय अपराध आहे.

रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्यासमक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणीही नागरिक पकडू शकतो. रक्षकालाही तेवढाच अधिकार आहे, आणि पकडलेल्या व्यक्तीला विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. खाजगी बचावाचा हक्क त्याला आहे, मारहाणीचा नाही. चांगल्या बाउन्सरचे कौशल्य दंडात कमी आणि शब्दांत अधिक असते, ते याच कारणाने.

कामाच्या स्वरूपानुसार द्वाररक्षणाचे औद्योगिक, संस्थात्मक, धार्मिक स्थळांवरील व समारंभांतील असे चार प्रकार करता येतात. अहिल्यानगर जिल्ह्यात चारही आढळतात. नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखान्यांची प्रवेशद्वारे, रुग्णालये व महाविद्यालये, शिर्डीची दर्शनरांग आणि गणेशोत्सवाचे मंडप ही त्यांची ठळक ठिकाणे. घरांना दारे न लावण्याची परंपरा असलेले शनिशिंगणापूरही याच जिल्ह्यात आहे. तेथेही भाविकांची गर्दी आवरायला माणूस लागतोच. कारण द्वाररक्षणाचा विषय फळी-कडीपुरता नसून दारातून जाणाऱ्या माणसांच्या सुखरूपतेचा आहे.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी म्हणून तीन गोष्टी आग्रहाने मागून घ्याव्यात : एजन्सीच्या परवान्याचा क्रमांक, पूर्ण झालेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि स्वतःच्या नावाचे ओळखपत्र. १६० तास कागदावर दाखवून प्रत्यक्षात न शिकवणे ही रक्षकाची फसवणूक आहे, आणि त्याच्या भरवशावर आत झोपलेल्यांचीही. वेसकराला त्याचे काम जन्माने मिळे आणि त्याबरोबर अवहेलनाही. आजचा रक्षक शिकून दारावर उभा राहतो. त्याचा मान त्या शिक्षणाइतकाच खरा असला पाहिजे.