वारा वाढला की फक्त दोरी सोडा: छोट्या होडीवर चिनी शीड का लावतात?

दहा फुटांची होडी आहे आणि तुम्ही एकटे. पुढच्या भागात तंबू, स्टोव्ह आणि दोन दिवसांचा शिधा. निघालात तेव्हा नुसती झुळूक होती, पण तासाभरात पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला. आता शीड लहान करायला हवं. त्यासाठी सुकाणू सोडून डोलकाठीपर्यंत पुढे जावं लागणार, आणि एवढ्याशा होडीत उठून पुढे सरकलेला माणूस हेच होडी उलटण्याचं सगळ्यात मोठं कारण ठरू शकतं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. 10 नॉटचा वारा 14 नॉट झाला तरी जोर जवळपास दुप्पट. त्यामुळे शीड किती मोठं आहे यापेक्षा ते किती लवकर लहान करता येतं, हा प्रश्न छोट्या होडीत जास्त महत्त्वाचा. यावरचं एक उत्तर चिनी जहाजांकडे शेकडो वर्षांपासून आहे. या जहाजांना 'जंक' म्हणतात. त्याचा कचऱ्याशी काही संबंध नाही, हा शब्द मलय-जावाच्या बाजूने पोर्तुगिजांमार्फत युरोपात पोहोचला. आणि इंग्रजीतली 'डिंगी' तर आपल्याकडचीच, हिंदी-बंगालीतून गेलेली.

हे शीड वेगळं कसं?

नेहमीचं त्रिकोणी शीड म्हणजे एक सलग कापड. जंकच्या शिडात तळापासून वरपर्यंत आडव्या कामट्या असतात, खिडकीच्या व्हेनेशियन पडद्यासारख्या. 14व्या शतकात इब्न बतूताने कालिकतच्या बंदरात चिनी जहाजं पाहिली, तेव्हा त्याने बांबूच्या, चटईसारख्या विणलेल्या शिडांची नोंद केली होती. आज कापड सिंथेटिक असतं, तत्त्व मात्र तेच.

शीड वर चढवणारी दोरी सैल केली की कामट्यांच्या वजनाने ते आपोआप खाली येतं आणि घडी घडी होऊन तळाच्या काठीवर बसतं. एक घडी उतरवा, दोन उतरवा, हवं तेवढंच शीड ठेवा. कामट्यांच्या मागच्या टोकांना बारीक दोऱ्या असतात आणि त्या सगळ्या एकाच मुख्य दोरीशी जोडलेल्या असतात, म्हणून उरलेलं शीड लगेच ताब्यात राहतं. हे सगळं सुकाणूजवळ बसल्या जागी. काही होड्यांवर वरची काठी डोलकाठीशी घट्ट धरायला आणखी एक दोरी ओढावी लागते, पण तीही हाताशी आणता येते.

शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे असतो. वारा मागून येत असताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरलं, तर हा पुढचा भाग त्याला आवर घालतो. तळाची काठी डोक्यावर आदळण्याची भीती त्यामुळे कमी होते, संपत मात्र नाही. आपल्याकडच्या पारंपरिक लातिनी शिडात दिशा बदलताना लांबलचक तिरकी काठी डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. तो खटाटोप इथे नाही.

ब्रिटिश सैनिकाची निवड

आधुनिक युरोपात या शिडाचं नाव झालं ते ब्लाँडी हॅस्लरमुळे. दुसऱ्या महायुद्धात बोर्दो बंदरातल्या जहाजांवर कयाकमधून हल्ला करणाऱ्या तुकडीचा हा प्रमुख. 1960 साली एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत झाली, तेव्हा त्याच्या 25 फुटी 'जेस्टर'वर जंकचं शीड होतं. त्याने 48 दिवसांत दुसरा क्रमांक मिळवला. पहिला आलेला फ्रान्सिस चिचेस्टर 40 दिवसांत पोहोचला, पण त्याची बोट बरीच मोठी होती. हॅस्लरचा हेतू सरळ होता: सगळी कामं आतल्या झाकणातून, डेकवर न जाता करता यावीत. अटलांटिकवर जे त्याला हवं होतं, तेच तळ्यावरच्या डिंगीत आपल्याला हवं असतं.

कॅम्पिंगला काय फायदा?

सर्वांत मोठा फायदा डोलकाठीचा. जंकच्या डोलकाठीला बाजूंनी ताणलेल्या तारा लागत नाहीत. ती आसनाच्या भोकातून खाली जाऊन तळाच्या खाचेत उभी राहते, उपसली की मोकळी. ब्रिटनमध्ये 1960च्या दशकात गाजलेली 'मिरर' ही प्लायवूडची होडी 3.3 मीटर लांब आणि साधारण 45 किलोची, दोन माणसांनी उचलून गाडीच्या टपावर ठेवण्याजोगी. मूळची ती वेगळ्या शिडाची, पण या मापाच्या होडीवर जंकचं शीड बसवता येतं. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक ब्रॉड्स नावाचे उथळ जलमार्ग आहेत आणि तिथल्या पॉटर हायगमसारख्या जुन्या पुलांची कमान अगदी बुटकी. तिथे पटकन काढता येणारी डोलकाठी सोन्याहून मोलाची.

रात्री उतरवलेलं शीड दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांच्या झोळीत आडवं राहतं. त्यावरून ताडपत्री टाकली की कामट्यांचा तो गठ्ठाच तंबूचा आढा होतो. झोपायला मात्र जमीन मोकळी हवी. होडीच्या मधोमध सेंटरबोर्डची पेटी असेल तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न येतो, म्हणून काही जण होडीच्या बाहेर बाजूला लटकणाऱ्या फळ्या पसंत करतात.

मग सगळे हेच का वापरत नाहीत?

कारण वाऱ्याच्या उलट दिशेने जाताना हे शीड मागे पडतं. सपाट कापडाला पोट नसतं, आणि पोटाशिवाय ओढ कमी. कामट्यांमधला प्रत्येक पट्टा थोडा फुगीर शिवून ही उणीव बरीच भरून काढता येते, पण शिवणकाम वाढतं. तारांचा आधार नसल्याने डोलकाठी जाड, म्हणून जड. कामट्यांचं वजन वर चढवायलाही जोर लागतो. आणि दोऱ्या! मागे इंजिन लावलं असेल तर त्या नेमक्या त्यालाच अडकतात. शर्यत जिंकायची असेल तर दुसरं शीड बघावं, असं माझं मत.

एक सोय मात्र हौशी माणसाच्या खिशाला परवडणारी आहे. कामट्या ताण वाटून घेतात, त्यामुळे पहिलं शीड साध्या ताडपत्रीचं करून बघता येतं. फाटलं तरी फाट सहसा पुढच्या कामटीपाशी थांबते.

होडी उलटणार नाही असं कुठलंही शीड सांगू शकत नाही. म्हणून सामान भरण्याआधी, लाइफजॅकेट घालून, किनाऱ्याजवळच्या कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम उलटवून पाहा. ती तरंगते का, एकट्याने सरळ होते का, आणि पाणी उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं होतं का, हे तिथेच कळतं.