रंगीत विटांच्या भिंतीत काय जपायचे?

मेलबर्नच्या जुन्या उपनगरांत 1870 आणि 1880च्या दशकांतली विटांची घरे आजही उभी आहेत. तपकिरी किंवा लाल भिंत, कोपऱ्यांना आणि कमानींना फिक्या पिवळसर विटांची किनार, पुढे ओतीव लोखंडाच्या जाळीचा व्हरांडा. ती जपावीत का, हा वाद बहुधा त्यांच्या देखणेपणाभोवती फिरतो. पण आवड पिढीगणिक बदलते. तिच्यावर वारशाचे मोल ठरवणे धोक्याचे. माझ्या मते हे मोल आधी विटेत आणि चुन्यात शोधायला हवे. इथला रंग वरून दिलेला नाही, तो मातीत आणि भट्टीत घडला आहे. मातीतल्या लोहाला भाजताना पुरेशी हवा मिळाली तर लाल ऑक्साइड तयार होते, हवा कमी पडली तर वीट काळवंडते. लोह कमी किंवा चुना जास्त असलेली माती फिकी भाजते. म्हणजे दुरंगी भिंत ही माती आणि आच यांची नोंदच आहे.

ही घरे ठोक उत्पादनातली, कुणा थोर वास्तुविशारदाची नव्हेत, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहेत. जोसेफ रीड या वास्तुविशारदाने युरोपच्या प्रवासात इटलीतल्या लोम्बार्डीचे वीटकाम पाहिले आणि 1868मध्ये व्यापारी फ्रेडरिक सार्गूड यांच्यासाठी ‘रिपन ली’ हा रंगीत विटांचा वाडा बांधला. ही श्रीमंती हौस पुढे साध्या घरांपर्यंत कशी पोचली, हे त्या वाड्यावरून कळत नाही. त्यासाठी मेलबर्नच्याच ब्रन्सविक या उपनगरातल्या वीटभट्ट्यांकडे पाहावे लागते. तिथे 1870मध्ये हॉफमन पद्धतीच्या भट्टीसाठी कंपनी निघाली. या भट्टीत आग एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकते. निवणाऱ्या विटांची उष्णता आत येणाऱ्या हवेला तापवते, त्यामुळे इंधन वाचते आणि काम थांबत नाही. यंत्राने दाबलेली वीट स्वस्त झाली, रेल्वेने उपनगरे वाढवली, आणि त्या बदलाचा पुरावा साध्या घरांच्या भिंतींत राहिला.

मग दर्शनी भिंत ठेवून मागचे पाडले तर? वारसा-जतनाविषयीच्या, ऑस्ट्रेलियाच्याच 1979च्या ‘बरा सनदे’ने वास्तूचे सांस्कृतिक महत्त्व तिच्या प्रत्यक्ष घडणीतही मानले आहे. मागची साधी भिंत, तिचे सांधे, तिची स्वस्त वीट हीसुद्धा त्या घडणीतच येते. दुरुस्तीही जपून करावी लागते. चुन्याचा सांधा मऊ आणि सच्छिद्र असल्याने भिंतीतली ओल त्यातून निघून जाते. तिथे कडक सिमेंट भरले की ओल विटेकडे वळते, क्षार तिच्या छिद्रांत स्फटिक होतात, लोणा धरतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. वाळूच्या माऱ्याने साफसफाई केली तर भाजलेली टणक साल जाते, ती परत येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप घरटंचाईचा आणि हिवाळ्यातल्या गारठ्याचा आहे. प्रत्येक घर वाचणार नाही, हे मान्यच करावे लागते. पण गारठ्यावर छपराखाली उष्णतारोधक थर घालता येतो, फटी बुजवता येतात, आणि मागच्या अंगणात नवी खोली काढता येते. नवे बांधायचे तर विटा किंवा काँक्रीटसाठी पुन्हा भट्टी पेटवावी लागते. इथली वीट एकदा भाजून झालेली आहे. पाडणे अटळच ठरले, तर चुन्यातली वीट न फुटता सुटते आणि शेजारच्या घराच्या दुरुस्तीला उपयोगी पडते.